घरच्या म्हणी, दारच्या म्हणी : पिल्ले मोजण्याआधी

‘डोन्ट काउन्ट युवर चिकन्स बिफोर दे आर हॅच्ड’ ही इंग्रजीतली फार चालणारी म्हण. अंड्यातून पिल्ले बाहेर येण्याआधी त्यांची मोजदाद करू नका, एवढाच तिचा अर्थ. खुडूक कोंबडी बसली की साधारण २१ दिवसांनी पिल्ले निघतात, पण तिच्याखाली ठेवलेली सगळीच अंडी फळत नाहीत. निघालेल्या पिल्लांतले एखादे मांजर उचलते. इंग्रज कवी थॉमस हॉवेल याच्या १५७० च्या पुस्तकात ही म्हण आढळते. तिच्यातले शहाणपण मात्र त्याहून पुष्कळ जुने. पंचतंत्रातला ब्राह्मण सातूच्या पिठाचे मडके टांगून त्याखाली पडल्या पडल्या शेळ्या, गाई, घोडे, वाडा, बायको, मुलगा इथवर पोचतो आणि त्याच भरात लाथ झाडून मडके फोडून घेतो.

आपल्याकडे याच जागी तूर येते : ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.’ घरात दाणा नाही, तरी वरण घट्ट की पातळ यावरून जुंपली. इंग्रजी म्हण एकट्याच्या आशेला आवर घालते, आपली म्हण त्या आशेपायी पेटलेल्या भांडणाला हसते.

पण ज्याचे सगळे पोट पावसावर, त्याने आगाऊ मोजायचेच नाही म्हटले तर कसे चालेल? आपल्या जिल्ह्यात तर त्याचा सोहळाच होतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा प्रकारची धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते दाणे जागचे हलले, हे पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. हवामानशास्त्र ते मानत नाही, तरी ऐकायला गर्दी लोटते. गंमत पुढेच आहे. घटाने कितीही पाऊस सांगितला, तरी जमिनीत ओल उतरल्याशिवाय जाणता शेतकरी तिफण बाहेर काढत नाही. कृषी विभागही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा म्हणतो.

म्हणीचे मर्म इथे आहे. मोजायला हरकत नाही, मोजलेले खर्चात धरू नये. ऑगस्टमध्ये सोयाबीन कमरेला लागले की पारावर एकरी झडतीचा हिशेब सुरू होतो. आठ क्विंटल, दहा क्विंटल, भाव अमुक. ‘सोयाबीन निघालं की देतो’ या बोलीवर उधारी चढते. मग ऐन ऑक्टोबरात सुडी लागलेली असताना परतीचा पाऊस येतो, शेंगांना कोंब फुटतात, आणि बाजार समितीत ओलाव्यापायी भाव पडतो. बियाण्या-खताची उधारी कोणाला टाळता येत नाही. पण त्याच सोयाबीनच्या भरवशावर घेतलेल्या नव्या मोटारसायकलचा हप्ता टाळता आला असता. म्हण लागू पडते ती त्या हप्त्याला.

म्हणून निकालाआधी पेढे सांगणाऱ्याला, टेंडर उघडण्याआधी भागीदारी वाटून घेणाऱ्याला, मतमोजणीआधी गुलाल आणून ठेवणाऱ्या कार्यकर्त्याला ती खुशाल ऐकवा. पेरणीला निघालेल्या माणसाला मात्र ऐकवू नका. त्याने आशेवर मोजले नाही, तर पेरणार कोण?

(पुढच्या आठवड्यात : ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’)