घाटमाथ्यावर बिऱ्हाड नेण्यापूर्वीं

महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर आम्हीं महाबळेश्वरच्या पठारावरील एका स्ट्रॉबेरीच्या बागेंत हिशेबनिसाची जागा पत्करली. घर वैशाखांत पाहिलें. हवा थंड, भिंती कोरड्या, झरा हाकेच्या अंतरावर. जन्मभर सात-बाराचे उतारे लिहिले. परंतु झरा दुसऱ्याच्या गटांत असून ‘इतर हक्कां’त आपल्या घराची नोंद नाहीं, एवढें मात्र पाहावयाचें राहिलें!

ज्येष्ठाअखेर पाऊस लागला. येथें वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. शेजाऱ्यांनीं भिंतींस गवताच्या ताट्या बांधल्या, सरपण माळ्यावर भरलें. आम्हांस तें हास्यास्पद वाटलें. पंधरवड्यांत तांदळास बुरशी आली, अंथरुणें ओलावलीं व कुटुंबाचा दमा उसळला. तिला घाट उतरून वाईस भावाकडे ठेवावें लागलें.

वस्तुतः स्ट्रॉबेरीची लागण पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनांत, गादीवाफ्यांवर होते. मालकास विचारलें असतें तर आम्हांसही तेव्हांच हजर होतां आलें असतें. वाचकांपैकीं कोणास असा योग आल्यास घर श्रावणांत पाहावें, उतारा त्याआधीं.

पुढील सालच्या ताट्यांचें गवत आम्हीं सांगून ठेवलें आहे. कुटुंब वर येण्यास राजी होतें कीं नाहीं, तें दिवाळीनंतर कळेल.