पिळाची खाच आणि बीडमधील लेथ

सुताराचे गिरमिट ज्याने पाहिले आहे, त्याला पिळाच्या खाचेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गिरमिट लाकडात शिरत असताना भुसा आपोआप वर येतो आणि पुढची वाट मोकळी होते. लोखंडात भोक पाडणारे ड्रिल, पाडलेले भोक नेमक्या मापाचे व गुळगुळीत करणारा रीमर आणि मिलिंगचे कटर यांच्या अंगावरही अशाच खाचा असतात. खाच बिघडली की कीस अडकतो, हत्यार तापते आणि धार जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ड्रिलवरील या खाचा गोल कानशीने हातांनी घासून काढीत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात बंदुकांच्या कारखान्यांना असे ड्रिल मोठ्या संख्येने हवे झाले. त्या गरजेतून जोसेफ ब्राऊन यांनी १८६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग यंत्र सिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, स्टीफन मोर्स यांनी पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले. आज हे काम मोठ्या कारखान्यांत स्वयंचलित यंत्रांवर होते. बीड, गेवराई, माजलगाव, परळी अशा गावांतील लहान वर्कशॉपमध्ये मात्र मिलिंग यंत्र क्वचितच आढळते. तेथे असते ते लेथ, ड्रिलिंग यंत्र आणि वेल्डिंगचा संच. म्हणूनच लेथला जोडून पिळाची खाच पाडणारी अटॅचमेंट अशा ठिकाणी विशेष उपयोगाची ठरते.

तिचे गणित घरातही समजून घेता येते. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून लाटण्याभोवती गुंडाळावा. त्याची तिरकी कड लाटण्यावर पिळाच्या रूपात उमटते. त्रिकोणाचा पाया म्हणजे लाटण्याचा परीघ आणि उंची म्हणजे एका फेऱ्यात पीळ पुढे सरकतो ते अंतर. या अंतराला कारागीर ‘लीड’ म्हणतात. २० मिलिमीटर व्यासाच्या हत्याराचा परीघ सुमारे ६२.८ मिलिमीटर भरतो. खाच अक्षाशी ३० अंशांनी तिरकी हवी असेल, तर लीड सुमारे १०९ मिलिमीटर येते.

खरी अडचण येथूनच सुरू होते. लेथवर २ मिलिमीटर पिचचे आटे पाडताना ६ मिलिमीटर पिचचा लीडस्क्रू जॉबच्या एका फेऱ्यात फक्त एक तृतीयांश फिरतो. १०९ मिलिमीटर लीडसाठी त्याच लीडस्क्रूला जॉबच्या एका फेऱ्यात सुमारे १८ फेरे घ्यावे लागतात. स्पिंडलकडून लीडस्क्रूला इतका वेग देऊ गेल्यास गिअरच्या दातांवर असह्य ताण येतो आणि ते तुटण्याची भीती असते. म्हणून या अटॅचमेंटमध्ये क्रम उलटा केलेला असतो. लेथची मोटर बंद ठेवून लीडस्क्रू हँडलने फिरवतात. सॅडल हळूहळू सरकते आणि वेग कमी करणाऱ्या गिअरमालिकेतून स्पिंडल त्याहून हळू फिरतो. प्रत्यक्ष कापण्याचे काम क्रॉस-स्लाइडवर बसवलेला, स्वतःची छोटी मोटर असलेला कटर करतो. तो खाचेच्या कोनात तिरका बसवलेला असतो.

एक खाच पूर्ण झाली की छिद्रांच्या तबकडीच्या साहाय्याने जॉब ठरावीक अंशांनी वळवतात. दोन खाचांसाठी १८०, तर सहा खाचांसाठी ६० अंश. आणखी एक पथ्य पाळावे लागते. सॅडल परत नेताना कटर बाहेर काढावा लागतो. तसे न केल्यास गिअरमधील ढिलाईमुळे कटर जुन्या मार्गावरून न येता खाचेची कड खातो आणि तासाभराची मेहनत वाया जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी वाचकाला पडेल. नेहमीच्या मापाचे ड्रिल बाजारात सहज व स्वस्त मिळते. ते घरी करणे म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार होय. अटॅचमेंटचा उपयोग आहे तो बाजारात न मिळणाऱ्या मापासाठी. जिनिंग मिलची किंवा गुऱ्हाळाची पुली झिजली की तिचे भोक किंचित मोठे करून साफ करावे लागते. त्या भोकात चावीची खाच असते. सरळ खाचांचा रीमर तिच्यात अडखळतो आणि भोक खराब करतो. पिळाच्या धारा मात्र ती खाच अलगद ओलांडून जातात. उजवीकडे फिरणाऱ्या रीमरला डावा पीळ दिला की तो स्वतःहून भोकात ओढलाही जात नाही. कापसाच्या हंगामात एक पुली बंद पडली तर मिलच्या दारात गाड्यांची रांग लागते. तेव्हा हत्यार बाहेरून येईपर्यंत थांबणे कोणालाच परवडत नाही.

जिनिंगचा पिळाच्या खाचेशी आणखीही एक संबंध आहे. डबल रोलर जिनच्या रोलरवरही तिरक्या खाचा पाडलेल्या असतात. त्यामुळे सरकीवरील तंतू रोलरला धरून राहतात. हे रोलर चामड्याच्या चकत्यांचे असत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यांना रबर आणि सुती कापडाच्या थरांचा पर्याय विकसित केला आहे. क्रोमने कमावलेल्या चामड्याची धूळ त्यामुळे टळते. अहिंसेचा विचार करणाऱ्या गिरणीमालकासाठी तर हा पर्याय अधिकच मोलाचा आहे.

अटॅचमेंटला मर्यादाही आहेत. हाय-स्पीड स्टीलला पाणी देण्यासाठी सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमानाची विशेष भट्टी लागते. ते काम बाहेरून करून घ्यावे लागते. हाताने फिरवायच्या रीमरला मात्र कार्बन स्टील पुरते, कारण तेथे वेग कमी आणि उष्णता थोडी असते.

राहिला पैशाचा प्रश्न. गिअर, ब्रॅकेट, तबकडी आणि लहान मोटर एवढ्याच सामग्रीसाठी मोठ्या कर्जाची गरज नसते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. तथापि कारागिराने यंत्राचा खर्च आणि खेळते भांडवल यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा. पोलाद रोखीने घ्यावे लागते, तर गिरण्यांकडील बिले अनेकदा हंगाम संपता संपता वसूल होतात. अटॅचमेंट स्वस्तात तयार झाली, पण मधले काही महिने हातात पैसा नाही, अशा अवस्थेत चांगला कारागीरही अडचणीत येतो.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यातील एखादा मुलगा आयटीआयमध्ये टर्नरचे शिक्षण घेऊन बाहेर पडला, तर पुण्याच्या कारखान्यात एकाच यंत्रापुढे उभे राहणे ही त्याच्यापुढील एकमेव वाट नसावी. ज्याला लीडचे गणित येते आणि पुलीच्या मापावरून स्वतः रीमर घडवता येतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक गावातच चालत येते. कामाचा दर ठरवताना त्याने केवळ पोलादाची किंमत धरू नये. बंद गिरणी एक दिवस आधी सुरू झाली, तर त्या दिवसाचे मोलही त्याच्या बिलात आले पाहिजे.