सतरा वर्षांच्या पोराची पदके

सैनिकाच्या छातीवरील पदकांचे आपण कौतुक करतो. पण ती वाचायची कशी, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज एकाच सैनिकाची पदके घेऊ.

टॉमी रिकेट्स हा न्यू फाउंडलंडचा, कोळ्याचा मुलगा. जन्म १५ एप्रिल १९०१. हा मुलूख तेव्हा कॅनडात नव्हता. तो १९४९ साली सामील झाला. तिथला कोळी व्यापाऱ्याला मासळी देई आणि बदल्यात उधारीचा माल घेई. रोख पैसा क्वचितच दिसे. अशा घराला फौजेचा पगार काय वाटत असेल, हे कामगारवस्तीत सांगायला नको. २ सप्टेंबर १९१६ रोजी हा पंधरा वर्षांचा पोर अठरा वय सांगून भरती झाला. सैन्याला माणसे हवी होती. जन्मदाखल्याचा आग्रह नव्हता. खोटे बोलला पोरगा, पण सोय झाली सरकारची!

१९१७ साली काँब्रेच्या लढाईत तो जखमी झाला, भाऊ जॉर्ज मारला गेला. तरी तो परतला. १४ ऑक्टोबर १९१८ रोजी बेल्जममध्ये लेडेगेमजवळ शत्रूच्या तोफांपासून तीनशे यार्डांवर त्याच्या लुइस गनच्या गोळ्या संपल्या. गोळीबारातून शंभर यार्ड मागे धावून त्याने गोळ्या आणल्या. चार तोफा, चार मशीनगन आणि आठ कैदी हाती आले. पाचवी तोफ नंतर मिळाली.

या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात भूदलात एवढ्या लहान वयात तो दुसऱ्या कोणाला मिळाला नाही. फ्रान्सने क्रॉ द गेर दिला. ही दोन पदके कर्तबगारीची. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल ही मात्र हजेरीची. १९१४-१५ चा तारा त्याला नाही, कारण तो १९१६ साली दाखल झाला.

यातले वॉर मेडल सैनिकाला चांदीचे मिळे. चिनी, माल्टी आणि आपल्या हिंदी मजूर-पलटणींना तेच काशाचे! मजुरीचा दर्जा धातूतही दिसतो.

रिकेट्स पुढे औषधविक्रेता झाला, गाजावाजा टाळत जगला आणि १९६७ साली वारला. २००३ पासून त्याचा क्रॉस ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे. अठराखालील मुलांना प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवावे, असा संयुक्त राष्ट्रांचा करार व्हायला २००० साल उजाडले. पदकावर शौर्य कोरलेले असते, वय नसते. ते आपण विचारले पाहिजे.