दूरचे टिपणारे भिंग : स्थैर्य हवे की प्रकाश?

शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सभागृहाच्या मागच्या रांगेत एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. रंगमंचावर मुलींचे नृत्य चालू असते आणि मागे एखादा पालक लांब नळीचे भिंग लावलेला कॅमेरा डोळ्याशी धरून उभा असतो. चार महिने पैसे बाजूला टाकून त्याने ते भिंग घेतलेले असते. ते 'कंपनरोधक' आहे, हात हलला तरी चित्र हलत नाही, असे दुकानदाराने सांगितल्यामुळे त्याने थोडी अधिक रक्कमही मोजलेली असते. घरी येऊन चित्रे पाहिली की मात्र निराशा पदरी येते. मागचा पडदा, त्यावरील शाळेचे नाव, बाजूच्या कुंड्या ही सारी रेखीव उमटलेली असतात. पण जिच्यासाठी हा खटाटोप केला, त्या मुलीचे हात आणि चेहरा धुक्यात बुडाल्यासारखे पुसट झालेले असतात. भिंग बिघडलेले नसते. दुकानदारानेही असत्य सांगितलेले नसते. भिंग घेताना एक प्रश्न विचारावयाचा राहून गेलेला असतो : चित्र पुसट होते ते धरणाऱ्याच्या हातामुळे, की समोरच्याच्या हालचालीमुळे?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी दूरची वस्तू जवळ आणणाऱ्या भिंगाचा, म्हणजे टेलिफोटोचा, स्वभाव प्रथम पाहिला पाहिजे. असे भिंग दूरच्या वस्तूबरोबर हाताची थरथरही मोठी करून दाखविते. समजा, चित्र घेत असताना कॅमेरा एका अंशाच्या केवळ दहाव्या भागाइतका कलला. पन्नास मिलिमीटर केंद्रांतराच्या साध्या भिंगात तेवढ्याने प्रतिमा सुमारे ०.०९ मिलिमीटर सरकते. दोनशे मिलिमीटरच्या भिंगात तीच प्रतिमा ०.३५ मिलिमीटर सरकते. हे अंतर क्षुल्लक वाटेल. परंतु ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीतले ते चित्र ३६ सेंटिमीटर रुंद कागदावर छापले, तर सरकण्याची खूण साडेतीन मिलिमीटरांची होते. मग डोळ्याच्या पापण्या, मण्यांची माळ, साडीचा काठ यांतले काहीच शिल्लक राहत नाही.

म्हणूनच जुन्या छायाचित्रकारांनी एक ठोकताळा बांधून ठेवला. भिंगाचे केंद्रांतर जितके मिलिमीटर, तितक्या भागांपैकी एका भागापेक्षा शटर सेकंदाचा अधिक वेळ उघडे ठेवू नये. पन्नासच्या भिंगाला १/५० सेकंद चालेल. दोनशेच्या भिंगाला १/२०० हवे. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर चौकट आणखी आवळली जात असल्यामुळे त्या आकड्याला दीड ते १.६ ने गुणावे लागते. तेथे दोनशेच्या भिंगाला १/३०० किंवा १/३२० सेकंद धरलेले बरे. भर दुपारी मैदानावर एवढा वेग सहज मिळतो. सभागृहात, देवळात, चर्चमध्ये किंवा संध्याकाळी अंगणात तो मिळत नाही, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

या अडचणीवर यंत्रज्ञांनी काढलेला तोडगा म्हणजे प्रतिमा-स्थैर्य. भिंगाच्या नळीत बसविलेले सूक्ष्म संवेदक कॅमेरा कोणत्या दिशेला आणि किती वेगाने कलतो आहे हे सतत मोजतात. हा हिशेब एका छोट्या संगणकाकडे जातो आणि विद्युच्चुंबकाच्या साहाय्याने आतील काही भिंगे उलट दिशेला सरकविली जातात. कॅमेरा खाली कलला तरी प्रतिमा आपल्या जागी राहते. माणसाचा हात कितीही घट्ट धरला तरी सेकंदाला साधारणपणे आठ ते बारा वेळा थरथरतो. त्या प्रत्येक थरथरीला हे यंत्र उत्तर देत असते. निकॉनने १९९४ साली एका छोट्या फिल्म-कॅमेऱ्यात ही सोय आणली. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी कॅननचे ७५-३०० मिलिमीटरचे स्थैर्ययुक्त झूम १९९५ साली आले. प्रत्येक उत्पादकाने या सोयीला वेगळी अक्षरे दिली आहेत : कॅननची 'आयएस', निकॉनची 'व्हीआर', टॅमरॉनची 'व्हीसी', सिग्माची 'ओएस' आणि सोनीची 'ओएसएस'. अक्षरे भिन्न असली तरी हेतू एकच आहे.

भिंगाच्या माहितीपत्रकात 'चार स्टॉपचे स्थैर्य' असे शब्द आढळतात. स्टॉप म्हणजे प्रकाशाच्या जिन्याची एक पायरी. प्रत्येक पायरीला शटर उघडे राहण्याचा वेळ दुप्पट होतो. दोनशेच्या भिंगाला जेथे १/२०० सेकंद लागे, तेथे एका पायरीने १/१००, दुसरीने १/५०, तिसरीने १/२५ आणि चौथीने सुमारे १/१३ सेकंदापर्यंत हातातच चित्र घेता येते. प्रयोगशाळेतील हा आकडा प्रत्येकाच्या हातात तंतोतंत उतरेल असे नाही. तथापि त्यातील एखादी पायरी वजा केली तरी लाभ थोडा नाही.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयाची. १/१३ सेकंदात कॅमेरा स्थिर राहिला, तरी समोरची मुलगी त्या वेळात गिरकी घेतच असते. तिला थांबविण्याचे सामर्थ्य कोणत्याही स्थैर्ययंत्रात नाही. बोलणाऱ्या वक्त्याला सुमारे १/१२५ सेकंद, चालणाऱ्या माणसाला १/२५०, नाचणाऱ्या किंवा धावणाऱ्या मुलाला १/५०० आणि उडत्या पक्ष्याला १/१००० ते १/२००० सेकंद एवढा वेग साधारणपणे लागतो. हा वेग मिळविण्याचे मार्ग दोनच आहेत : भिंगाचे छिद्र अधिक मोठे उघडणे, नाही तर आयएसओचा आकडा चढवून संवेदकाची ग्रहणशक्ती वाढविणे. पहिल्या मार्गाला पैसे अधिक लागतात. दुसऱ्याने चित्रात रवाळपणा येतो.

या दोन गुणांची तुलना करण्यास कॅननच्या एका भिंगकुळाचे उदाहरण फार सोयीचे आहे. ७०-२०० मिलिमीटरचे हे झूम एके काळी चार रूपांत मिळत असे. एफ/२.८ छिद्राचे, स्थैर्याविना, १९९५ साली आले. त्याचे वजन १३१० ग्रॅम. एफ/४ छिद्राचे, स्थैर्याविना, १९९९ साली आले. वजन ७०५ ग्रॅम. स्थैर्ययुक्त एफ/२.८ हे २००१ चे, वजन १४७० ग्रॅम. आणि स्थैर्ययुक्त एफ/४ हे २००६ चे, वजन ७६० ग्रॅम. जुन्या वस्तूंच्या बाजारात ही भिंगे आजही फिरतात. यांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांविषयी फारसा संभ्रम पडत नाही. संभ्रम पडतो तो मधल्या दोहोंत : मोठ्या छिद्राचे पण स्थैर्य नसलेले भिंग घ्यावे, की लहान छिद्राचे पण स्थैर्य असलेले?

हिशेब केला की उत्तर उलगडते. एफ/२.८ हे एफ/४ च्या दुप्पट प्रकाश आत घेते, म्हणजे एक पायरी देते. स्थैर्ययुक्त एफ/४ चार पायऱ्या देते. चार ही संख्या एकापेक्षा मोठी खरी. पण त्या चार पायऱ्या केवळ हाताच्या कामी येतात. छिद्राची एक पायरी हाताच्याही कामी येते आणि समोरच्या हालचालीच्याही.

नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा घ्या. वेदीवर मेणबत्त्या आणि चार मंद दिवे आहेत. धर्मगुरू हात जोडून उभे आहेत. झगझगीत फ्लॅश उडविणे अशोभनीय, आणि गर्दीत ट्रायपॉड उभा करण्यास जागा नाही. आयएसओ १६०० ठेवून एफ/४ वर १/३० सेकंद मिळते असे धरू. स्थैर्याविना एफ/२.८ घेतले तर वेग १/६० पर्यंत जाईल; दोनशेच्या भिंगाला तोही अपुरा, म्हणून चित्र हलणारच. स्थैर्ययुक्त एफ/४ मात्र १/३० सेकंदावर सहज निभावून नेईल, कारण समोरची व्यक्ती निश्चल आहे. तेथे हलका, स्वस्त आणि स्थिर असा एफ/४ श्रेष्ठ ठरतो.

आता नवरात्रातील बडोद्याच्या गरब्याकडे वळू. मैदानावर दिव्यांचा उजेड चर्चपेक्षा अधिक आहे. आयएसओ १६०० आणि एफ/४ वर १/१२५ सेकंद मिळते असे समजू. स्थैर्ययंत्राला येथे काहीच कठीण नाही, पण फिरत्या घागऱ्याला आणि टाळी देणाऱ्या हातांना १/५०० सेकंद हवे. एफ/२.८ च्या भिंगाने १/२५० मिळेल. आयएसओ ३२०० केला की १/५०० साधेल. एफ/४ ला त्यासाठी आयएसओ ६४०० पर्यंत जावे लागेल. येथे पारडे मोठ्या छिद्राकडे झुकते. शाळेचे नृत्यही याच पंगतीत बसते. पहिल्या परिच्छेदातील पालकाचा पैसा वाया गेला नव्हता. तो भलत्याच दुखण्यावरच्या औषधाला खर्च झाला होता.

तिसरा प्रसंग दिवसाउजेडीचा आहे. गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तेथील खारफुटीतून होडीने जाताना फांदीवर बसलेला खंड्या टिपावयाचा असेल, तर स्थैर्य उपयोगी पडते. होडी डुलत असताना पक्षी चौकटीत धरून ठेवणे त्यामुळे सुकर होते. तोच खंड्या पाण्यावर झेपावला की १/२००० सेकंद लागते. त्या वेगात हाताची थरथर नगण्य होते आणि स्थैर्ययंत्र असून नसून सारखेच. केवळ लख्ख उन्हात उडते पक्षी किंवा मैदानी खेळ टिपणाऱ्याने त्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

ज्यांची थैली लहान आहे त्यांच्यापुढचा प्रश्न थोडा निराळा आहे. निकॉनने २०१६ साली ७०-३०० मिलिमीटरची दोन हलकी भिंगे एकदमच बाजारात आणली. दोन्ही दिसण्यात सारखी. एक ४०० ग्रॅमचे, दुसरे ४१५ ग्रॅमचे. नावात फरक एवढाच की दुसऱ्याच्या शेवटी 'व्हीआर' ही दोन अक्षरे आहेत. ३०० मिलिमीटरवर यांचे छिद्र एफ/६.३ इतके अरुंद होते, आणि लहान संवेदकामुळे ठोकताळ्याप्रमाणे १/४५० सेकंद लागते. एवढा वेग ढगाळ दिवशीदेखील कठीण. अशा अरुंद छिद्राच्या लांब भिंगात स्थैर्य नसणे म्हणजे अर्धे भिंग वापराविना पडून राहणे होय. येथे थोडे अधिक पैसे देऊन 'व्हीआर' घेण्यातच शहाणपण आहे. ही भिंगे डी९० किंवा डी३१०० यांसारख्या जुन्या निकॉन कॅमेऱ्यांवर फोकस करू शकत नाहीत. म्हणून ती वापरलेली घेताना आपला कॅमेरा बरोबर नेऊन तेथेच लावून पाहावीत.

कॅमेऱ्यातच स्थैर्य असेल तर भिंगात ते कशाला, असाही प्रश्न आता विचारला जातो. मिनोल्टाने २००३ साली संवेदकच हलवून थरथर काढून टाकण्याची रीत आणली, आणि पुढे अनेकांनी ती उचलली. तिचा मोठा लाभ असा की जुन्या, साध्या भिंगालाही स्थैर्य लाभते. मात्र वरचा हिशेब येथेही लागू आहे : केंद्रांतर जितके लांब, तितकी प्रतिमा अधिक सरकते, आणि संवेदकाला आपल्या चौकटीत सरकण्यास जागा थोडीच असते. साध्या भिंगांना कॅमेऱ्यातले स्थैर्य पुरेसे होते. तीनशे-चारशे मिलिमीटरांपर्यंत जाणाऱ्यास भिंगातले स्थैर्य अधिक भरवशाचे.

स्थैर्ययुक्त भिंग घेतल्यावर दोन-तीन सवयी लावून घ्याव्यात. शटरचे बटन अर्धे दाबून क्षणभर थांबावे. प्रतिमा स्थिरावलेली डोळ्यांना दिसते, मग पूर्ण दाबावे. ट्रायपॉडवर कॅमेरा बसविला असेल तर, विशेषतः जुन्या भिंगांत, यंत्र बंद करावे. थरथर नसतानाही ती शोधण्याच्या भरात ते कधी कधी स्वतःच प्रतिमा हलविते. धावत्या सायकलस्वाराबरोबर कॅमेरा फिरवून चित्र घेताना, भिंगावर दुसरी पद्धत दिलेली असल्यास, ती निवडावी. त्यामुळे यंत्र आडव्या हालचालीला विरोध करीत नाही.

निवड करण्यापूर्वी दुकानात जाण्याची घाई नको. आधी घरची जुनी चित्रे काढून बसावे. बिघडलेल्या प्रत्येक चित्रात भिंत, खांब, पडदा अशा न हलणाऱ्या वस्तू पाहाव्यात. त्याही एकाच दिशेने ओढल्यासारख्या पुसट असतील, तर दोष हाताचा, स्थैर्य घ्यावे. त्या रेखीव असून माणसेच पुसट असतील, तर दोष हालचालीचा. मोठे छिद्र घ्यावे, आणि ते परवडत नसल्यास आयएसओ चढवून थोडा रवाळपणा पत्करावा. रवाळ चित्रातही मुलीचा चेहरा ओळखू येतो, हललेल्या चित्रात तो हरवतो. स्नेहसंमेलन पुढच्या वर्षी पुन्हा होईल. पण या वर्षीच्या वयाची मुलगी त्या रंगमंचावर पुन्हा उभी राहणार नाही. भिंगावर खर्च करावयाचा तो तिच्यासाठी, आणि म्हणून तो विचार करूनच केला पाहिजे.