नंबर म्हणजे माणूस नव्हे! संगणक गुन्ह्याचा आरोप आणि बचावाच्या १४ चटकदार गोष्टी

सोलापूरहून अक्कलकोटची वाट धरली की मध्ये वळसंग लागतं. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या इथूनच पुढे जातात. टपरीवर मराठी आणि कन्नड एकाच बाकावर बसून चहा पितात. गावाला स्वतःचं पोलीस ठाणंही आहे. आता हातोहाती मोबाइल आला आणि त्याच्या पाठोपाठ एक नवी धास्तीही आली: ‘तुमच्या नंबरवरून गुन्हा झालाय.’ हे ऐकताच भल्याभल्यांचे हातपाय गळतात. पण यंत्र फक्त नंबर दाखवतं. त्या नंबरामागे नेमका कोण होता, हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि बचावाची सारी लढाई तिथेच असते. म्हणून या गोष्टी ठाण्याची पायरी चढायच्या आधीच माहीत हव्यात.

१. कायद्यातून ‘हॅकिंग’ गायब
माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. तेव्हा कलम ६६ चं नावच ‘हॅकिंग’ होतं. २००८ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला आणि ‘संगणकाशी संबंधित गुन्हे’ असं नाव दिलं. ही दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. बोलताना आपण सर्रास हॅकिंग म्हणतो, पण आरोपपत्रात कोणतं कलम आहे ते पाहायचं. वकीलही सगळ्यात आधी तेच पाहतात.

२. खिशातला फोन हाही संगणकच
‘माझ्याकडे कुठे कॉम्प्युटर आहे?’ हा बचाव चालत नाही. मोबाइल हँडसेट कायद्याच्या व्याख्येत संगणकच ठरतो, असं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं २००५ सालीच सांगितलं.

३. बोट कुणाचं आणि मनात काय?
दुसऱ्याच्या संगणकात मालकाच्या परवानगीशिवाय शिरलं, माहिती उचलली किंवा बिघाड केला, तर कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं, तरच कलम ६६ चा गुन्हा होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे बचावाची दोन दारं इथेच उघडतात: परवानगी होती का, आणि हेतू वाईट होता का? दुकानमालकानं ‘पासवर्ड घे आणि हिशेब बघ’ असा साधा मेसेज पाठवलेला असेल, तर तो जपून ठेवा. उद्या तोच तुमचा साक्षीदार ठरेल.

४. चुकीचं नाव, ५० दिवस तुरुंग
ऑगस्ट २००७. छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर ऑर्कुटवर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, त्याचं नाव पुढे आलं होतं. ते नाव चुकीचं निघालं, पण तोवर त्यानं तब्बल ५० दिवस कोठडीत काढले होते. एका आकड्यावर आंधळा विश्वास टाकला की निरपराध माणसाला केवढी किंमत मोजावी लागते, हे महाराष्ट्रानं तेव्हाच पाहिलं. हे प्रकरण प्रत्येक तपास अधिकाऱ्यानं वाचलेलं असावं.

५. साडेपाच तासांचा घोळ
आयपी पत्ता घराच्या पत्त्यासारखा कायमचा नसतो. आज तुमच्याकडे असलेला पत्ता थोड्या वेळानं दुसऱ्याकडे जातो. त्यातच परदेशी कंपन्यांच्या नोंदी बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपलं घड्याळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे चालतं. समजा, नोंदीत १४ तारखेचे रात्रीचे २०:४० लिहिलेत. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेच्या पहाटेचे २ वाजून १० मिनिटं झालेली असतात. हे गणित चुकलं तर भलत्याच घराची कडी वाजते. शिवाय मोबाइल कंपन्या एकाच पत्त्याआड एका वेळी कित्येक ग्राहक ठेवतात. म्हणून वेळ, वेळेचा पट्टा आणि त्या पत्त्याआडचा नेमका ग्राहक ओळखू देणारा पोर्ट क्रमांक या तिन्ही गोष्टी बचावाच्या वकिलानं मागायलाच हव्यात.

६. फौजदाराला तपास नाही
माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७८ सांगतं की या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा. उपनिरीक्षक नाही, सहायक निरीक्षकही नाही. लहान ठाण्याच्या गावात हा मुद्दा फार मोलाचा. कागदांवर तपास अधिकारी म्हणून कुणाची सही आहे, ते नीट बघा.

७. जामीन हा हक्क, उपकार नव्हे
कलम ७७ब प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे जामीनपात्र आहेत. दुसऱ्याची ओळख चोरणं (६६क) आणि तोतयेगिरी करून फसवणं (६६ड) हेही त्यातच येतं. मात्र सोबत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लागलं, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि गुन्हा अजामीनपात्र होतो. म्हणूनच ‘विशेष कायदा असताना सर्वसाधारण कलम कशाला?’ हा युक्तिवाद महत्त्वाचा ठरतो. अश्लील मजकुराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये तो मान्य केला. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, हे अर्नेश कुमार खटल्यात २०१४ पासून ठरलेलं आहे.

८. व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस? नाही!
चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसली आणि पैशांची मागणी झाली, तर फोन ठेवा आणि थेट १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा.

९. गोंदियानं वाचवलं अ‍ॅडमिनला
गावकीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप. अ‍ॅडमिन झालात म्हणून प्रत्येक सदस्याच्या मेसेजची जबाबदारी तुमच्यावर येते का? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये नाही असं उत्तर दिलं. समान हेतू किंवा आधीच ठरलेला कट दिसला तरच अ‍ॅडमिन अडकतो. केवळ त्यानं ग्रुप काढला म्हणून नाही.

१०. पालघरची पोस्ट आणि रद्द झालेलं कलम
नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीनं ते ‘लाइक’ केलं आणि दोघींना अटक झाली. देश हादरला. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ घटनाबाह्य ठरलं. तरीही ते लावलं जातच राहिलं. म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. कुणाच्या एफआयआरमध्ये आजही ६६अ दिसलं, तर बचावाचं पहिलं वाक्य तयार आहे.

११. जालन्याची सीडी देशाला शिकवून गेली
२०१४ ची विधानसभा निवडणूक. जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले आणि कैलास गोरंट्याल हरले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरला गेला की नंतर, यावरून वाद पेटला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रण सीडीवर होतं, पण सोबत प्रमाणपत्र नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं नियम पक्का केला: मूळ यंत्र कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. ज्यांच्याकडून ते मिळायचं ते सगळे उपाय करूनही देत नसतील, तेवढीच सवलत. खटला निवडणुकीचा होता, पण आज सायबर गुन्ह्यातला प्रत्येक स्क्रीनशॉट याच मापानं मोजला जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं. त्यात तज्ज्ञाची सही आणि हॅश मूल्य हवं.

१२. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा
एका फाइलमध्ये फक्त ‘वळसंग’ लिहा आणि तिचं एसएचए-२५६ हॅश काढा. ६४ अक्षर-अंकांची एक माळ मिळते. आता शब्दापुढे एकच टिंब द्या आणि पुन्हा काढा. सगळी माळ बदललेली दिसेल. जप्तीच्या दिवशीचं हॅश आणि कोर्टातल्या प्रतीचं हॅश जुळलं, तर पुरावा जसाच्या तसा आहे. जुळलं नाही, तर मध्ये काहीतरी बदललंय. म्हणून पंचनाम्यावर डोळे मिटून सही करू नका. हॅश मूल्य लिहिलंय का, ते विचारा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. आणि मेमरी कार्डातला मजकूर हा ‘दस्तऐवज’ असल्यामुळे आरोपीला त्याची क्लोन प्रत मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये म्हटलं. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे मात्र प्रत मिळत नाही, तज्ज्ञासह पाहणी करता येते.

१३. अंगठा द्यावा लागतो, पण पासवर्ड?
स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, असं घटनेचा अनुच्छेद २०(३) सांगतो. पण ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या १९६१ च्या खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या पीठानं ठरवलं की बोटांचे ठसे म्हणजे साक्ष नव्हे. आता पेच असा आहे: फोन अंगठ्यानं उघडतो आणि पासवर्डनंही. अंगठा शरीराचा, पासवर्ड मनातला. पासवर्डबाबत न्यायालयांची मतं अजून एक झालेली नाहीत. तेव्हा त्या क्षणी ‘आधी वकिलांशी बोलू द्या’ असं शांतपणे सांगावं.

१४. खातं भाड्यानं देऊ नका
‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो.’ या आमिषाला बळी पडलेली पोरं अडकतात, कारण लुबाडलेला पैसा त्यांच्याच नावावरून पुढे जातो. इथे नंबर आणि माणूस एकच निघतो आणि बचाव दुबळा पडतो. पण तुमच्या नकळत असा पैसा खात्यात आला असेल तर घाबरू नका. बँक खातं ही जप्त करता येणारी ‘मालमत्ता’ आहे, हे ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी’ या १९९९ च्या निकालानं ठरलं. पण जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना देणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि खातं मोकळं करण्यासाठी तिथेच अर्ज करता येतो. माल विकल्याचं बिल, पावती, समोरच्याशी झालेलं बोलणं, सगळं सोबत न्या.

आणि वकिलाची फी?
महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणखी एक दिलासा आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत आहे. वळसंगच्या माणसाला उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

वळसंगात बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं ओळखली जाणारी एक विहीर आहे. पाण्याच्या हक्काची ती आठवण. त्याच बॅरिस्टर बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत एक नवा अनुच्छेद मांडला, जो आज २२ वा म्हणून ओळखला जातो. अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करा. तेव्हा आयपी पत्ता नव्हता, हॅश नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅपही नव्हतं. पण ठाण्यात एकट्या पडलेल्या माणसाला काय लागतं, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. विहिरीचं पाणी जसं सगळ्यांचं, तसा हा हक्कही सगळ्यांचा. वेळ आली तर संकोच न करता तो मागून घ्या.