पांढऱ्या चिलखताची शिवण

‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटात (१९७७) डेथ स्टार नावाच्या अंतराळतळावरच्या एका खोलीत पांढरे शिपाई धावत शिरतात आणि त्यातल्या एकाचं डोकं अर्धवट उघडलेल्या दाराच्या वरच्या कडेला आपटतं. तो शॉट कोणी काढून टाकला नाही. उलट २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत त्या जागी ‘ठक्’ असा आवाज मुद्दाम घातला. हेल्मेटात शिरलेल्या माणसाला समोरचं जेमतेम दिसतं. वरचं, खालचं, बाजूचं काहीच नाही. हे शिपाई म्हणजे स्टॉर्मट्रूपर. त्यांचं चिलखत घरी बसून, पडद्यावर होतं तस्संच बनवणारे लोक जगभर आहेत, आणि ते नेमकं काय करतात हे समजून घेण्यासारखं आहे.

त्यांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे ५०१वी लीजन. अल्बिन जॉन्सन आणि टॉम क्रूझ (Crews; नट नव्हे, फक्त उच्चार जुळणाऱ्या नावाचा दुसरा गृहस्थ) यांनी ती १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू केली. सभासद व्हायचं तर स्वतःच्या मालकीचा पोशाख हवा आणि तो तपासणीत उतरायला हवा. पुढून, मागून, बाजूंनी फोटो पाठवायचे, आणि तपासणारे ते चित्रपटातल्या चित्रांशी ताडून पाहतात. सभासद हा पोशाख घालून रुग्णालयांत मुलांना भेटतात, धर्मादाय कामांसाठी पैसे उभे करतात. चित्रपट काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीनेही त्यांची दखल घेतली: २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’च्या कथेत याच क्रमांकाची फौज आहे.

तपासणीचे निकष वाचले की पहिली गंमत कळते. तिथे ‘उत्तम’ काम मागितलेलं नसतं, १९७६ मध्ये झालेलं काम मागितलेलं असतं. राल्फ मॅक्वॉरीने रंगवलेल्या चित्रांवरून पोशाख घडवायचे होते. पोशाखांची जबाबदारी जॉन मोलो यांच्यावर होती. ते लष्करी गणवेशांचे अभ्यासक, आणि याच चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. चित्रीकरण मार्च १९७६ मध्ये ट्युनिशियात सुरू होणार होतं आणि वेळ थोडा होता. हेल्मेटं लंडनमधल्या ट्विकनहॅम इथे अँड्र्यू एन्सवर्थ यांच्या कारखान्यात प्लास्टिक ओढून काढली गेली. घाईत कापलेल्या कडा वाकड्या, चेहऱ्याची डावी-उजवी बाजू सारखी नाही, पट्टे हाताने रंगवलेले. आज कोणी संगणकावर काटेकोर समतोल साधून चेहरा बनवला, तर तो सुबक दिसतो आणि जाणकाराला लगेच खटकतो. हुबेहूबपणा म्हणजे इथे दुसऱ्याच्या घाईची इमानाने केलेली नक्कल.

आता मूळ प्रक्रिया. या कामाला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. एबीएस नावाच्या प्लास्टिकची साधारण दोन मिलिमीटर जाडीची शीट चौकटीत घट्ट पकडायची आणि वरून तापवायची. शंभर अंशांच्या थोडं वर एबीएस मऊ पडू लागतं. ओढायला मात्र ते आणखी बरंच तापवावं लागतं, इतकं की शीट मधोमध पोटासारखी खाली झोळ घेते. हा झोळ पाहूनच मुरलेला कारागीर वेळ ओळखतो. मग खालचा साचा वर घ्यायचा, शीट त्यावर बसवायची आणि साच्याच्या बारीक छिद्रांतून पंपाने आतली हवा खेचून घ्यायची. आपण म्हणतो ‘ओढली’, पण खरं तर बाहेरच्या हवेचा दाब शीटला साच्यावर दाबून बसवतो. मिनिटभरात प्लास्टिक थंड होतं, साचा खाली येतो, वर राहतो मांडीचा किंवा छातीचा पांढरा आकार आणि भोवतीची फालतू झालर. कडक सुटकेसचे अर्धे भाग आणि फ्रिजच्या आतला पांढरा कप्पाही याच पद्धतीने बनतो.

या पद्धतीच्या दोन खोडी पुढच्या सगळ्या कामाला पुरतात. एक, शीट जिथे खोल ताणली जाते तिथे पातळ होते. म्हणून हेल्मेटाच्या खोलगट जागा आणि तीक्ष्ण कोपरे नाजूक असतात. दुसरी जास्त महत्त्वाची. साच्यावरून वस्तू सरळ निघाली पाहिजे, म्हणजे बंद नळीसारखा आकार एका फटक्यात निघत नाही. दंड, कोपराखालचा हात, मांडी, नडगी हे सगळे आतला आणि बाहेरचा असे दोन दोन अर्धे. अर्धे आले की सांधा आला, आणि सांधा झाकायला पट्टी आली. पडद्यावर त्या शिपायांच्या मांडीवर उभी उठावदार पट्टी दिसते ना, ती शोभेची नाही. ती शिवण आहे.

मोजमाप जमवायचं तेही याच शिवणीत. बहुतेक लोक एखाद्या कारागिराकडून ओढलेल्या तुकड्यांचा संच विकत घेतात. तो एकाच मापाचा असतो, घालणारा मात्र कोणत्याही मापाचा. काळा, अंगाला चिकटणारा आतला पोशाख घालून अवयवाचा घेर मोजायचा, त्यात हालचालीपुरती मोकळीक धरायची आणि जास्तीचं प्लास्टिक दोन्ही अर्ध्यांतून समसमान कापायचं. एकाच बाजूने कापलं तर शिवण सरकते आणि पट्टी तिरकी दिसते. कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत, टेकवायच्या, आणि वरून पट्टी चिकटवायची. हातांच्या पट्टीची रुंदी १५ मिलिमीटर, मांडी आणि नडगीला पुढे २०, मागे २५ असा रिवाज आहे. माणूस अंगाने भरलेला असेल तर मध्ये एबीएसची जादा पट्टी घालून घेर वाढवतात, सांधा लांबीने भरून घासतात.

कापण्याची रीत सोपी आहे. एबीएस आरपार कापावं लागत नाही. धारदार कटरने रेघेवरून दोन-तीनदा ओरखडा काढायचा आणि वाकवायचं; रेघेवरच कट् करून तुटतं. वळणांना आखूड, बाकदार पात्याची कात्री लागते, मग कानस, मग पॉलिश पेपर. कापताना नेहमी खुणेच्या बाहेरून कापावं. जास्त ठेवलेलं नंतर घासता येतं, कमी झालेलं वाढवण्यात दिवस जातो.

चिकटवण्याच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा दोन तुकडे अक्षरशः एकजीव करतो. भेगा भरायला तो उत्तम, पण जोड पुन्हा सुटत नाही. दुसरा पंथ ई-६००० नावाच्या रबरी गोंदाचा. तो पक्का व्हायला एक ते तीन दिवस घेतो, तोवर क्लॅम्प आणि ताकदवान चुंबकांच्या जोड्या लावून ठेवाव्या लागतात. पण तो थोडा लवचीक राहतो, आणि माप चुकलं तर जोर लावून सोलता येतो. वजन कमी-जास्त होणाऱ्या माणसांनी दुसऱ्या पंथात जावं असं माझं मत आहे. कोणताही गोंद वापरा, खिडकी उघडी ठेवा. या वाफा बंद खोलीत हुंगण्याच्या नव्हेत.

खरी परीक्षा उभं राहून होत नाही, चालून होते. तुकडे आधी मास्किंग टेपने बांधून घरभर फिरायचं. मांडीच्या आतली वरची कड जांघेत रुतते, नडगीची मागची वरची कड गुडघ्याच्या लवणीत चावते, कोपर वाकवलं की दंडाची खालची कड आणि हाताची वरची कड मधलं मांस चिमटीत धरतात. टेप असतानाच या जागांवर पेन्सिलने खुणा करून थोडंथोडं घासायचं. साच्यावरून निघताना कडेला आत वळलेली एक पन्हळ राहते. ती ठेवली तर प्लास्टिक जाड, भरीव दिसतं. काढली तर शरीराला जागा मिळते. मनगटाजवळ ती बहुतेक जण काढूनच टाकतात, नाहीतर हात आत शिरत नाही. बसणं मात्र या पोशाखात जवळजवळ अशक्यच, त्यावर उपाय नाही. एखादं उंच स्टूल टेकायला मिळालं तरी भाग्य.

तुकडे बनले तरी अजून चिलखत झालेलं नाही. ते अंगावर लटकतं कशावर? आतून इलॅस्टिकच्या आणि नायलॉनच्या पट्ट्या, टिचबटणं, थोडं वेल्क्रो. खांद्याची घंटेसारखी वाटी छाती-पाठीच्या जोडाला अडकते, तिच्यातून दंड लोंबतो, दंडातून कोपराखालचा हात. मांड्या कमरेच्या पट्ट्याला आतून टांगलेल्या असतात. छातीची ढाल आणि पाठीची ढाल यांच्यावरून जाणारी खाचांची पांढरी पट्टी पुढे चिकटवलेली आणि मागे सैल असते, म्हणजे वाकताना ती सरकते. पोटाची आणि कमरेमागची ढाल डाव्या बाजूला तीन रिव्हेटांनी कायमची जोडतात आणि उजवी बाजू शिरायला उघडी ठेवतात. रिव्हेट डावीकडे का, तर चित्रपटात डावीकडे आहेत. गुडघ्यावरचा टोकदार तुकडा फक्त डाव्या पायावर, गोळ्यांच्या पुड्यांची पट्टी फक्त उजव्या मांडीखाली, हेही तसंच. नवखा माणूस दोन्ही पायांवर सारखं काहीतरी चिकटवतो आणि तपासणीतून परत येतो.

घालण्याचा क्रम पायांपासून वर. आधी पांढरे, बाजूला इलॅस्टिक असलेले घोट्यापर्यंतचे बूट, मग नडग्या, मांड्या, पोट, छाती-पाठ, हात, पट्टा, हातमोजे आणि शेवटी डोकं. नडगी मागून बंद होते आणि वरचे हात झाल्यावर तिच्याकडे वाकता येत नाही. मदतीला कोणीतरी हवंच. पाठीमागची टिचबटणं स्वतःची स्वतःला लागत नाहीत.

हेल्मेटावर थोडं थांबू. मुख्य तुकडे दोनच: चेहरा, आणि टाळू-मागचा भाग. दोन्ही कानांपाशी भेटतात आणि कानाची टोपणं तो सांधा लपवतात. हे कान बसवणं म्हणजे सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत चिकाटीचं काम. टोपण समोर धरायचं, फट कुठे दिसते ते पाहायचं, उलट बाजूने केसभर घासायचं, पुन्हा धरायचं. घाई केली की फट रुंदावते आणि मग भरायला लांबी. कपाळाच्या सांध्यावर काळी रबरी पट्टी येते, मानेच्या कडेला वेगळ्या घडणीची. डोळ्यांना वेल्डिंगच्या मुखवट्याची हिरवी लवचीक काच कापून लावतात. तोंडाची जाळी कापताना चित्रपटातल्या कोणत्या हेल्मेटाची नक्कल करताय हे आधी ठरवावं लागतं, कारण जवळून दिसणाऱ्या नायकांच्या हेल्मेटात उघडे दात जास्त आणि डोळ्यांची भिंगं फुगीर, तर गर्दीतल्या शिपायांच्यात दात कमी आणि भिंगं सपाट. गर्दीतली मूळ हेल्मेटं पांढरी नव्हतीच. ती वेगळ्या, मळकट रंगाच्या प्लास्टिकची होती आणि वरून पांढरा रंग दिलेला होता.

आत डोकं अधांतरी राहू नये म्हणून बांधकामावरच्या टोपीतलं पट्ट्यांचं जाळं बसवतात. श्वासाने भिंगांवर वाफ धरते, म्हणून त्यांच्यावर हवा सोडणारे छोटे पंखे. रंगकामही नक्कलच: गालांवरचे निळे पट्टे हाताने, हम्ब्रॉलच्या १४ क्रमांकाच्या फ्रेंच ब्लू रंगाने, करड्यासाठी त्याच कंपनीचा ५ क्रमांक. हातातली बंदूक तर उघड उघड ब्रिटिश लष्कराची स्टर्लिंग सबमशीनगन आहे. तिच्यावर दुर्बीण आणि हेंगस्टलरचा एक मोजणी-यंत्राचा डबा चढवला की झालं परग्रहावरचं शस्त्र.

या सगळ्याचा हक्क कोणाचा, हा वाद कोर्टापर्यंत गेला. एन्सवर्थ यांनी जुन्या साच्यांवरून हेल्मेटं विकायला सुरुवात केल्यावर लुकासफिल्मने दावा लावला. अमेरिकेत निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये ठरवलं की हे हेल्मेट ‘शिल्प’ नव्हे, चित्रपट बनवताना वापरायची वस्तू आहे. त्यामुळे शिल्पाला मिळणारं दीर्घ संरक्षण तिला ब्रिटनमध्ये नाही. कलाकृती म्हणून ते उतरलं नाही याचं मला थोडं वाईट वाटतं, पण निकाल तर्काला धरून आहे.

आपल्याकडे, मुंबईच्या दमट हवेत, हा पोशाख चढवणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. चिलखत उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, ते वेडंवाकडं होतं. आणि उन्हात राहून राहून पांढरं एबीएस पिवळं पडतं. दुसरी गोष्ट, घालायच्या आधी आणि मधे मधे पाणी प्यावं, कारण एकदा आत शिरल्यावर तहान लागली तरी हेल्मेट काढायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. आणि सुरुवात करणार असाल तर हेल्मेटाचा मोह आवरा. कोपराखालच्या हातापासून करा: तुकडे लहान, सांधा सरळ, प्लास्टिक थोडं, आणि चुकलात तर १५ मिलिमीटरची पट्टी बरंच झाकते.