खिम्याच्या पोटात चीज

अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात सीडर ॲव्हेन्यूवर ‘मॅट्स बार’ आहे. खिम्याच्या दोन पातळ टिक्क्यांमध्ये चीज ठेवून कडा दाबलेला ‘जुसी लुसी’ बर्गर येथे १९५४ पासून मिळतो. एका गिऱ्हाइकानेच तो मागितला, असे सांगतात. त्याच रस्त्यावरचा ‘५-८ क्लब’ मूळ मान आपलाच म्हणतो. मॅट्सच्या स्पेलिंगातला ‘आय’ गळाला तो गळालाच. आता तीच त्यांची खूण! २०१४ साली ओबामाही येथे जेवून गेले.

आम्ही तेथे खाल्ले नाही. दारूचा गुत्ता, शिवाय गोश्त जबिहाचे नाही. शहरात सोमाली मुसलमानांची मोठी वस्ती आहे. एका हलाल हॉटेलात तसाच बर्गर मागवला. पहिल्याच घासाला उकळते चीज हनुवटीवर! वाफ जाऊ द्यायची असते, हे वेटर नंतर म्हणाला. चव मात्र झकास. कड सुटली की चीज तव्यावर वाहते आणि माल फुकट जातो. कबाबात कांदा-पुदिना भरणाऱ्या आपल्या कारागिरांना हे सांगायला नको.

खरी अडचण चीजची. गोश्ताची चौकशी सारेच करतात. पण दूध फाडणारे रेनेट वासराच्या जठरातूनही काढतात, हे कोण विचारतो? आम्ही विचारताच मालकाने चीजचे पाकीटच पुढे ठेवले. रेनेट जनावराचे नव्हते.